आईच्या नावाचा आठवड्याचा परवाना

आई व्हिजिट व्हिसावर आमच्याकडे दुबईत, करामाला आली, तेव्हा तिला काय काय दाखवायचं ते मी ठरवून ठेवलं होतं. गोल्ड सूकचा सोनेबाजार झाला, मॉल झाले. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "हे पुरे. मला समुद्रात ने. मासे धरायचेत."

हर्णैच्या बंदरावर आईने उभा जन्म मासळी विकली. पण आमच्याकडे होडीत जायचं ते पुरुषांनी. बाबा होते तोवर ती होडी परतायची वाट बघत किनाऱ्यावर थांबायची. बाबा गेले, होडी विकली. तिने स्वतः गळ कधी टाकलाच नव्हता.

ऑफिसातल्या एकाने सांगितलं, अबू धाबीत हौशी मासेमारीला परवाना लागतो आणि पाहुण्यांना तो आठवड्यापुरताही मिळतो. दोन दिवसांची रजा टाकली आणि बुधवारी पहाटे निघालो. जबल अली मागे पडलं की रस्ता सरळसोट. वाटेत पंपावर कडक चहा मिळतो, तो चुकवू नका. दीड तासात पोचलो.

परवान्याच्या खिडकीतल्या अरब तरुणाने माझे कागद घेतले, आईकडे पाहिलं आणि हिंदीत म्हणाला, "अम्मा तो सिर्फ बैठेगी ना? बैठने का परवाना नहीं लगता."

"काय म्हणतो?" आईने विचारलं. मी सांगितलं.

"बसायला नाही आले मी. माझ्या नावाचा कर म्हणावं."

तो हसला आणि त्याने फॉर्म पुढे केला. तीस दिरहम, म्हणजे तेव्हाचे साधारण पावणेचारशे रुपये. (आता नियम आणि दर बदलले असतील, विचारून जा.) मित्राकडे मुक्काम केला. आईने परवाना उशाशी ठेवला होता.

गुरुवारी सकाळी बोटीवर बोट चालवणारे कासीमभाई भेटले. मूळचे श्रीवर्धनचे. "मावशी, परवाना आहे ना? नाहीतर मी बोटीत पाय ठेवू देणार नाही." आईने पदराची गाठ सोडून परवाना दाखवला.

किनारा दिसेनासा झाला आणि आईला मळमळायला लागलं. दोनदा ओकली. चेहरा पांढराफटक. मी घाबरून म्हटलं, "कासीमभाई, खलास. परत फिरा."

"कोणी फिरवायची नाही," आई चूळ भरत म्हणाली. "अजून एक मासा नाही मिळाला."

तेवढ्यात तपासणीची बोट आली. अधिकाऱ्याने माझा परवाना पाहिला आणि आईला वगळून तो वळला. आईने हात लांब करून आपला परवाना त्याच्यासमोर धरला. त्याने तो नीट वाचला आणि दोन्ही हातांनी परत दिला. आई ताठ बसली. मळमळ कुठे गेली कोण जाणे.

तासाभराने तिच्या गळाची दोरी ताणली गेली. असा हिसका बसला, की आई पुढे कलंडली. मी दोरीला हात घातला.

"सोड! माझी आहे ती."

दोरी बोटांत रुतली, रक्त आलं. ती थोडी सोडायची, पुन्हा ओढायची. कासीमभाई मागून म्हणत होते, "शाब्बास मावशी, यल्ला, यल्ला!" शेवटी पाण्यावर तपकिरी पाठ दिसली. हमूर! आपल्याकडचा गोबराच. कासीमभाईंनी तो नियमात बसेल एवढ्या मापाचा आहे हे पाहून बोटीत घेतला. आई त्याच्याकडे बघत राहिली. मग मलाच म्हणाली, "रडतोस कशाला?"

घरी आल्यावर तिने तो कापला आणि शेजारच्या मल्याळी कुटुंबाला डोक्याकडचा भाग दिला. माझ्या मुलीने विचारलं, "आज्जी, डिड बाबा हेल्प यू?"

"त्याने फोटो काढले," आई म्हणाली.

गोल्ड सूकबद्दल ती पुन्हा कधी बोलली नाही. गावी परतल्यावर काही दिवसांनी तिचा फोन आला. "अरे, काल तुझ्या मामाच्या होडीतून जाऊन आले. तो नको नको म्हणत होता."

"मग?"

"मग काय! म्हटलं, सरक जरा, बसू दे. दोन सुरमया मिळाल्या. त्याला एकही नाही."