शून्यं नव्हती ती

गेला रविवार, सकाळी साडेदहा. हजर माणसं तीन – पुष्पाताई, देवरे आणि मी. मोजायची वर्तुळं चार. त्याआधी नऊ वर्षं हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. बायकोला नाही. मुलीला तर उलटंच सांगितलं होतं.

मी दिंडोरी रस्त्यावरच्या एका द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये नोंदी ठेवतो. किती क्रेट आले, किती माल नाकारला, मण्यांची साइज काय. एका आकड्याचा मेळ लागला नाही तर मला घास उतरत नाही. असा माणूस नऊ वर्षं एक खोटी नोंद सांभाळतो – कशी काय सांभाळतो? तुम्ही मला ओळखत असता तर तुम्हीही हेच विचारलं असतं.

आधी ‘आडोसा’बद्दल सांगतो. आमचे कॉम्प्युटर दुरुस्त करायला देवरे येतो. त्याने एकट्याने इंटरनेटवर एक जागा उघडली. कुणीही यावं, मराठीत लिहावं, नाव सांगायचं नाही. टोपणनावसुद्धा नाही. प्रत्येक लिखाणाला फक्त क्रमांक, तोही दर वेळी नवा – म्हणजे कालचं आणि आजचं एकाच माणसाचं आहे हेही कळू नये. पहिल्या महिन्यात एकवीस लिखाणं आली. त्यातली चौदा देवरेचीच. ‘दुकान उघडलंय, तर गल्ल्यावर कुणी तरी बसायला नको?’ असं तो म्हणायचा.

मग लोक आले. एकाने लिहिलं, मला चाळिशीतही चारचौघांत बोलताना अडखळायला होतं. एका बाईने लिहिलं, नवरा गेल्यावर मला सुटल्यासारखं वाटलं. खाली कुणी हसलं नाही, कुणी शहाणपण शिकवलं नाही. लोक बसून ऐकावं तसं वाचायचे. देवरेने मनात आणलं असतं तर कोण काय लिहितं हे त्याला शोधता आलं असतं. त्याने ती सोयच ठेवली नाही. मला त्या माणसाचं फार कौतुक वाटायचं, आजही वाटतं. कदाचित म्हणूनच – पण नाही, कारणं द्यायची नाहीत असं मी ठरवलं आहे.

दुसऱ्या वर्षी त्याने जाहीर केलं, आडोशाला बोधचिन्ह हवं. चित्रं पाठवा, अर्थातच बिननावी. सगळ्यांनी मिळून एक निवडायचं.

पुष्पाताई तेव्हा आमच्याकडे सॉर्टिंग लाइन सांभाळायच्या, आणि आडोशावर त्याही लिहायच्या. हाताखाली चोवीस बायका. मण्यांची साइज बघायला लाइनवर प्लास्टिकची एक पट्टी असते, तिला आम्ही रिंग म्हणतो. वेगवेगळ्या मापांची चार गोल भोकं. मणी ज्या भोकातून खाली पडतो, त्याहून तो लहान. फार लहान असेल तर परदेशी जात नाही. एवढाच त्याचा हिशेब.

जेवणाच्या सुट्टीत पुष्पाताई माझ्या टेबलाशी आल्या. वाया गेलेल्या लेबलच्या कागदामागे त्यांनी ती रिंग ठेवून चार गोल ओढले होते. आत काहीच नाही. म्हणाल्या, ‘भाऊसाहेब, एवढं पाठवता का? इथं दिवसभर मापणं चालतं. तिथं कुणी कुणाला मापत नाही, म्हणून रिकामी ठेवली. नाव मात्र सांगू नका हं कुणाला.’

मी फोटो काढून पाठवलं. सतरा चित्रांतून तेच निवडलं गेलं. आणि का निवडलं जाऊ नये? नऊ वर्षांत त्याहून नेमकं काही माझ्या बघण्यात आलेलं नाही.

आठवड्याने देवरे प्रिंटर दुरुस्त करायला आला. फोटोतल्या कागदावर आमच्या लेबलची छपाई मागून पुसट दिसत होती, ती त्याने ओळखली. ‘तूच ना रे?’ मी मान हलवली. एवढंच – मान हलवली. पण मग त्याने विचारलं, ‘आणि हे आहे तरी काय? चार गोळे?’

रिंग म्हटलं असतं तर लाइनवरच्या कुणाचं तरी आहे, हे त्याला तिथल्या तिथे कळलं असतं. माझ्या हातात रिंग कधीच नसते. म्हणून मी म्हणालो, ‘शून्यं आहेत. नाव नाही, किंमत नाही. इथं आपण सगळेच शून्य.’

देवरे म्हणाला, ‘लेका, तू तर कवी निघालास!’

त्या संध्याकाळी आडोशाच्या इतिहासाच्या पानावर ओळ आली – हे बोधचिन्ह आकड्यांत रमणाऱ्या एका सदस्याने काढलं असून ही चार शून्यं आहेत. मी घरी ते पान दाखवलं. मुलीने पुढे ते चिन्ह आपल्या लॅपटॉपवर चिकटवलं. ‘पप्पांनी काढलंय,’ असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. मी ऐकायचो.

इथे थांबलो असतो तर कदाचित तुम्ही म्हणाला असता, चालायचंच. पण थांबता येत नाही.

चार दिवसांनी आडोशावर एक लिखाण आलं. तीन ओळी. ‘मी दिवसभर मणी मापते. शून्य मी नाही. इथं पण तेच असेल तर मी येत नाही.’ कोण ते मला तिसऱ्या शब्दालाच समजलं. खाली एकाने उत्तर दिलं – ताई, मनाला लावून घेऊ नका, गणितात शून्याला फार मोठं स्थान आहे.

ते उत्तर माझं होतं.

पुष्पाताई त्यानंतर तिथे आल्या नाहीत. त्यांचं बोलणं मला ओळखू यायचं, म्हणून एवढं खात्रीने सांगतो. पॅकहाउसमध्ये मात्र रोज सकाळी सॉर्टिंगचा तक्ता माझ्या हातात देत राहिल्या. कधी काही विचारलं नाही. विचारणार कसं? नाव सांगू नका, असं त्यांनीच म्हटलं होतं, आणि मी ते अगदी काटेकोर पाळलं.

या हंगामाअखेर त्यांनी काम सोडलं. शेवटच्या दिवशी ओळखपत्र, टोपी, अ‍ॅप्रन आणि रिंग माझ्या टेबलावर ठेवली. ‘जमा करून घ्या, भाऊसाहेब.’ मी रजिस्टरमध्ये लिहिलं – ‘रिंग, नग एक.’

रविवारी देवरेला घेऊन त्यांच्या घरी गेलो. भिंतीला टेकून त्या शेंगा निवडत होत्या. मी सगळं सांगितलं, क्रमाने. मध्येच देवरे पुटपुटला, ‘कवी म्हणालो होतो तुला मी.’ पुष्पाताईंनी एकच विचारलं – ‘ते गणिताचं पण तुम्हीच?’

‘हो.’

त्या उठून आत गेल्या. आत स्टोव्ह पेटला. चहा घेऊन आल्या, तो देवरेच्या पुढे ठेवला, मग माझ्या. मग देवरेला म्हणाल्या, ‘ते पान बदलता येतं का?’

त्याने तिथेच फोन काढला. त्या सांगत गेल्या, तो लिहीत गेला – ही शून्यं नाहीत. ही माप घ्यायची रिंग आहे आणि ती रिकामी आहे. देवरे म्हणाला, ‘ताई, तुमचं नाव टाकू? आता टाकायलाच हवं.’

‘नको. नियम आहे ना तिथला?’

संध्याकाळी मुलीला सांगितलं. तिने लॅपटॉपवरचं चिन्ह काढलं नाही. माझ्याशी बोललीही नाही.

सोमवारी पॅकहाउसच्या स्टोअरमध्ये एका रिंगचे पंचेचाळीस रुपये भरले, पावती घेतली आणि ती रिंग पुष्पाताईंच्या घरी पोहोचवली.