पाचवं ताट

करुणाला राग यायला फार काही लागत नसे, पण त्या दिवशीचा राग हक्काचा होता. केडगावजवळच्या एका अंगणवाडीत मदतनीस म्हणून तिनं निम्मं आयुष्य दुसऱ्यांची पोरं सांभाळण्यात घातलं. सेविका व्हायचं तर शिक्षण हवं, म्हणून चाळिशीत दहावीचा फॉर्म भरला, क्लास लावला. तिथं पाऊण गुणिले पाच या गणितावर गाडी अडली. पाऊण म्हणजे तीन छेद चार. तिनं वरचा तीन पाचानं गुणला आणि खालचा चारही गुणला. सरांनी फुली मारली.

"पण सर, खालचा का न्हाई गुणायचा?"

"मावशी, नियम आहे तो. पाठ करा."

मागची पोरं फिदीफिदी हसली. करुणाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

घरी आली तर दळण अजून गिरणीतच. सकाळी नवऱ्याला, खंडूला, बजावून सांगितलं होतं. डबा खरवडून जेमतेम चार भाकरी झाल्या. सासू, खंडू आणि दोन पोरं जेवायला बसली. बाईनं मागनं जेवायचं, उरलं तर. घराची रीतच तशी.

"जमत नसंल तर सोड की त्यो क्लास," खंडू म्हणाला. "ह्या वयात कशाला पायजे?"

करुणानं भाकरी ओढल्या आणि रागारागानं मोडल्या, एकेकीचे चार चतकोर. पाच ताटं मांडून प्रत्येकात तीन-तीन टाकले. पंधरा झाले आणि तिचा हात थांबला. चतकोर पंधरा झाले, पण चतकोर तेवढाच राहिला. तुकडे वाढले, तुकड्याचं माप नाही. खालचा चारही गुणला असता तर एका भाकरीचे वीस बारके तुकडे. त्यातले पंधरा म्हणजे पुन्हा पाऊणच भाकरी, अख्ख्या घराला मिळून. एवढंच होतं तर. हे नीट सांगायला कुणाची जीभ झिजली असती? आनंद व्हायचा तर तिला उलट जास्तच संताप आला.

"पाऊणच?" खंडूनं ताटाकडं बघितलं. "चार भाकरी हुत्या की."

"पाच माणसं हाईत."

"पाचवं कोण?"

उरलेला चतकोर करुणाच्या हातातच होता. तिनं तो आपल्या ताटात टाकला, खाली बसली आणि सगळ्यांच्या आधी घास घेतला.