वाचनालयापुरतं इंग्रजी

मला कॅनडाला जायचं नव्हतं. ते सरळ सांगायचं सोडून मी मुलाला सांगितलं की मला इंग्रजी येत नाही. चूक माझीच.

मागच्या वर्षी मी बाथरूममध्ये घसरले आणि दीड तास तिथेच पडून राहिले. शेजारच्या गुजराती बेननी कुलूपवाला आणून दार उघडवलं. मुलगा फोनवर म्हणाला, "आई, एकटीने राहणं आता बस झालं. नागरवाड्यातला फ्लॅट विकू. तू इकडे ये." एकुलता एक आहे, रोज फोन करतो, सूनही वाईट नाही. भांडायला कारण सापडेना. म्हणून म्हटलं, "तिथे मी बोलू कुणाशी? चौथी शिकलेली बाई मी."

आठवड्याभरात त्याने त्यावर उपाय काढला. त्याच्या घरापासून चालत जाता येईल असं एक वाचनालय आहे आणि तिथे मराठी पुस्तकांचं एक कपाट आहे. "वाचनालयापुरतं इंग्रजी शीक. बाकी आम्ही आहोत," म्हणाला. मला न विचारता त्याने बेनना फोन करून शिकवणीही ठरवली. बेन शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झाल्या आहेत आणि त्यांना दुपारी काही उद्योग नसतो.

रोज चार वाजता त्या यायच्या. त्या गुजरातीत बोलतात, मी मराठीत. तीस वर्षं आमचं असंच चाललंय. आता त्यात तिसरी भाषा घुसली. कॅन आय बॉरो धिस बुक. व्हेअर इज द मराठी सेक्शन. सॉरी, इट इज ओव्हरड्यू.

"पुस्तक द्यायला एक दिवस उशीर झाला तर सॉरी कशाला?" मी विचारलं.

"काकी, तिथे म्हणावंच लागतं. आणि तुम्हाला कोणी बुकवर्म म्हणालं तर रागवायचं नाही. म्हणजे पुस्तकातला किडा. ते कौतुक आहे."

"पुस्तकाला कसर लागली की आमचे ग्रंथपाल डोक्याला हात लावतात. तिकडे कौतुक करतात?"

हिट द बुक्स म्हणजे अभ्यासाला बसणं, पुस्तकांना मारणं नव्हे. बाय द बुक म्हणजे नियमाप्रमाणे. मी ठरवलं होतं की काहीच लक्षात ठेवायचं नाही. पंधरा दिवसांत बेन कंटाळतील, मुलाला सांगतील की म्हातारीला जमत नाही, आणि विषय संपेल. पण बेननी विचारलं की उत्तर तोंडातून बाहेर यायचं. शाळेत पाठांतरात मी पहिली असायचे. घरात काम होतं म्हणून चौथीनंतर शाळेतून काढलं, जमत नव्हतं म्हणून नाही. 'येत नाही' म्हणायला जीभ वळत नव्हती.

महिन्याने बेन म्हणाल्या, "चला, खरी परीक्षा घेऊ." आमच्या वाचनालयात घेऊन गेल्या. खंडेराव मार्केटहून भाजी घेऊन परत येताना मी तिथे थांबते, इतकी वर्षं. ग्रंथपालांना त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. ते मला काकू म्हणतात, पण त्या दिवशी टेबलामागून गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "गुड आफ्टरनून, मॅडम. हाउ कॅन आय हेल्प यू?" बेननी मोबाइल धरून चित्रीकरण सुरू केलं.

मी मराठी सेक्शन विचारला. त्यांनी एक कादंबरी पुढे केली. मी एकविसावं पान उघडलं.

हे सांगायला हवं. आम्हा नेहमीच्या वाचणाऱ्या बायकांची एक सवय आहे. पुस्तक वाचून झालं की एका ठरावीक पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने खूण करायची, म्हणजे तेच पुस्तक पुन्हा घरी जात नाही. कुणी फुली करते, कुणी टिंब देते. माझं पान एकविसावं आणि खूण दोन आडव्या रेघा. ग्रंथपालांना हे माहीत आहे, ते काही बोलत नाहीत.

रेघा होत्या. मी पुस्तक मिटलं आणि म्हणाले, "आय हॅव रेड धिस. प्लीज गिव्ह मी अनदर."

हे वाक्य बेननी शिकवलेलं नव्हतं. माझं मीच जुळवलं. ग्रंथपाल हसले. "काकू, तुम्ही तर तिकडे आमच्यासारख्यांना कामाला लावाल." बेनना इतका आनंद झाला की त्यांनी तिथूनच चित्रफीत मुलाला पाठवली. मग मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "त्यांच्या पुस्तकात रेघा मारायच्या नाहीत हं, काकी. तिथे चालत नाही."

"मग वाचलेलं कळणार कसं?"

"एकच तर कपाट आहे. किती वाचाल?"

हे मी हिशेबात धरलंच नव्हतं. एक कपाट वर्षभरात संपेल. पुढे काय, ते बेननाही माहीत नव्हतं.

संध्याकाळी मुलाचा फोन आला. तो आणि सून आळीपाळीने बोलत होते. "आई, तू स्वतः वाक्य बनवलंस. मी उगाच घाबरत होतो. आता तिकीट काढतो." त्याच वेळी सांगायला हवं होतं की मला यायचं नाही. पण स्वतःचं वाक्य बनवून दाखवणारी बाई आता कोणत्या तोंडाने म्हणणार की तिला जमणार नाही? मी एवढंच विचारलं, "परतीचंही काढशील ना?"

तो म्हणाला, "बघू."

सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या तेव्हा त्यांनीही विचारलं होतं, गावी परत कधी जायचं. आमचे हे नंदेसरीच्या कारखान्यात पाळीला निघाले होते, म्हणून उत्तर मी दिलं होतं. हेच, 'बघू.' त्यानंतर त्या नऊ वर्षं आमच्याकडे होत्या आणि त्यांनी पुन्हा विचारलं नाही. तेव्हा मला वाटायचं, त्यांचं मन रमलं.

रविवारी एक जोडपं फ्लॅट बघायला आलं. मुलाने पाठवलं होतं. नवऱ्याने बाथरूम पाहिलं, बायको स्वयंपाकघरात ओट्याची लांबी मोजत होती. मला म्हणाली, "माँजी, तुम्ही कधी रिकामं करणार?"

मी तिला तिकिटाची तारीख सांगितली.