समुपदेशन केंद्रातली चिकटपट्टी

विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्रात तिला सगळे ‘चिकटपट्टी’ म्हणत, आणि तीही त्या नावाला खुशाल ओ देई. समुपदेशक मुलांशी बोलत. ज्याला बाहेरच्या डॉक्टरची गरज असे, त्याला तिच्या टेबलाकडे पाठवत. डॉक्टर शोधायचा, वेळ घ्यायची आणि पोर तिथं खरंच पोचलं का ते बघायचं, हे तिचं काम.

त्या वर्षी रसायनशास्त्राचा एक संशोधक विद्यार्थी आला. झोप उडालेली, जेवण सुटलेलं. प्रयोगशाळेचं दार दिसलं की त्याचे हातपाय गळत. समुपदेशक बाई म्हणाल्या, “याला औषधही लागेल.” तिने सगळीकडे फोन फिरवले, जो तो दोन-तीन महिन्यांनंतरच्या तारखा देई. शेवटी ती एका म्हाताऱ्या मानसोपचारतज्ज्ञांच्या दवाखान्यात जाऊन बसली.

“नवे पेशंट घेत नाही मी,” डॉक्टर म्हणाले.

“ठाऊक आहे. सगळ्यांनी सांगितलं. म्हणून तर फोन न करता आले.”

डॉक्टरांना हसू आलं. “गुरुवारी आणा त्याला.”

गुरुवारी मुलगा फाटकाशीच अडला. “नाही जमणार मला, ताई. परत जाऊ.”

“जाऊ की. आधी जरा त्या बाकावर टेकू, माझे पाय दुखतायत.”

नाव पुकारलं तसा तो उठला. “तुम्ही आत येऊ नका,” म्हणाला, आणि मग हळूच, “पण जाऊही नका.”

ती बसून राहिली. आतून रडण्याचा आवाज आला, तेव्हा ती उठली आणि पुन्हा बसली. बऱ्याच वेळाने तो बाहेर आला. डोळे सुजलेले. “भूक लागलीय,” म्हणाला, आणि तिचा जीव भांड्यात पडला.

सगळं सरळ झालं नाही. मधे त्याने गोळ्या सोडल्या, फोन उचलेना. तिने वसतिगृहाचे खेटे घातले. समुपदेशक बाईंनीही धीर सोडला नाही. हळूहळू गाडी रुळावर आली, आणि एक दिवस त्याची आई आली. चिकटपट्टीचे हात हातात घेऊन म्हणाली, “माझं पोर परत दिलंत.”

“मी कुठे काय केलं? डॉक्टरांनी केलं,” ती म्हणाली.

“त्यांच्यापर्यंत नेलं कोणी?”

आई गेल्यावर डॉक्टरांचे आभार मानायला तिने फोन हातात घेतला, तोच त्यांचा आला. दर गुरुवारी सकाळी विद्यापीठाच्या एका मुलाला बघायचं त्यांनी ठरवलं होतं.

“तुमचे उपकार कसे फेडू?” ती म्हणाली.

“ते राहू द्या. या गुरुवारी कोण?”

पहिल्या वर्षाची एक मुलगी डॉक्टरच्या वेळेसाठी कधीची ताटकळत होती. चिकटपट्टीने डोळे पुसले आणि त्या मुलीला फोन लावला.