गिरजाबाईचा हात

हे मी आजवर कोणाजवळ बोलली नाही. नवऱ्याजवळ नाही, पोटच्या पोरीजवळ तर नाहीच. आज तुमच्याजवळ बोलून राहिली — काऊन, ते मले विचारू नका.

आम्ही आमगावकडचे कोष्टी. मागावर बसायचे पुरुष, पण त्याच्या आधीचं सारं बायांचं — सुताच्या कांड्या भरायच्या, गल्लीत ताण्याचं उभं सूत पसरायचं, धागा तुटू नये म्हणून त्याले तांदळाची पेज लावायची. गिरजाबाई माझी थोरली जाऊ. ऐन जवानीत नवरा गेला तिचा. पण ताण्यावर पेजेचा कुंचा फिरवावा तर तिनंच! विधवा असली तरी त्या कामाले तिले कोणी अडवत नव्हतं. मी नवी नवरी — सासरी माझ्याशी हसून बोलणारी ती एकटीच.

त्या दिवशी सौंदडची मंडई होती, दिवाळीनंतरची जत्रा. पेज मले शिजवायची होती, अन् मंडईले जायची कोण घाई! कच्चीच उतरवली.

"शिजली न वो नीट?" तिनं विचारलं.

"हो बाई, मस्त शिजली!" — अन् मी पळाली. झुल्यात बसली, बांगड्या भरल्या.

दुसऱ्या दिवशी सासरा मागावर बसला, तर सूत तटातट तुटे. ताणा गावातल्या एका नवरीच्या लुगड्याचा. सारा वाया गेला! मामंजी ओरडले, "कोनं बिघडवलं हे?"

मले कोणी विचारलं होतं का? नाही. नजरही माझ्याकडं नव्हती. तरी मीच तोंड उघडलं — "नवरीच्या लुगड्याले विधवेचा हात लागला, अजून काय होईल?"

गिरजाबाईनं माझ्याकडं पाहिलं. पेज कच्ची होती हे तिले कळलं नसेल? कुंचा तिच्याच हातात होता नं! एक शब्द बोलली असती तर मी उघडी पडली असती. नाही बोलली.

त्या दिवसापासून तिले ताणा बंद, सणवार बंद. मागच्या सपरीत एकटी कांड्या भरत बसायची. मी सूत ठेवायले जायची, ती भरलेल्या कांड्या सरकवायची. बोलणं नाही. अशी किती वर्षं! गल्लीत कुंचा माझ्या हाती आला, पण बाजूले हसायले कोणी नव्हतं. मले ती लई आठवे — अन् ती तर घरातच होती.

मग ती गेली. गल्लीतल्या बाया जमल्या. एक म्हणाली, "बिचारी. पण हात वाईट होता वो तिचा."

साऱ्या माझ्याकडं पाहून राहिल्या. खरं बोलायले भ्यायचं तरी आता कोणाले होतं?

"हो वो," म्हणाली मी. तिच्या मढ्यासमोर.