धाकट्या जावेच्या घरी

शिवणकाम करणाऱ्या मावशींची मूत्रपिंडं निकामी झाली, डायलिसिस सुरू झालं. दवाखाना लांब, त्यात राहायला चौथा मजला. शेवटी मुलाने त्यांना दवाखान्याजवळ राहणाऱ्या धाकट्या जावेकडे हलवायचं ठरवलं. दोघींचं कधी पटलं नव्हतं.

"आता तिच्या ताटाखालचं मांजर व्हायचं," मावशी वाटेत पुटपुटल्या.

जावेने खिडकीजवळचं कपाट हलवून जागा केली होती. "शिलाई मशीन इथे लावा, ताई. शेजारणींचे कपडे घेऊन ठेवलेत."

"मला न विचारता?"

"विचारलं असतं, तर नाहीच म्हणाला असतात."

मावशींना हसू फुटलं. कित्येक दिवसांनी त्यांना मोकळा श्वास घेता आला.

दुसऱ्या दिवशी दोघी दवाखान्यात चालत गेल्या, एका कॉलरवरून वाद घालत.