मऊ रबराच्या चपला

मापकाकांना भेटायचं तर संस्थेत मागच्या दाराने शिरावं. पुढे सगळा थाटमाट: ऑफिस, पाहुण्यांच्या खुर्च्या, भिंतीवर हसऱ्या फोटोंची रांग. मागे एक अरुंद खोली आणि तिच्या एकुलत्या एक खिडकीखाली बसलेले काका, मांडीवर रबर, हातात ते कापायची रापी. त्यांचं खरं नाव पगाराच्या दिवशीच काय ते कोणाला आठवे.

समोरच्याच्या चेहऱ्याआधी पायाकडे पाहणारा हा माणूस. बायको म्हणायची, “लग्नाआधी पहिल्यांदा भेटलात तेव्हाही खालीच बघत होतात. मला वाटलं, काय लाजाळू मुलगा आहे.”

“तुझा डावा पाय आत वळतो, ते बघत होतो,” काका म्हणायचे. हा संवाद त्यांच्या घरी इतक्या वेळा झाला होता, की मुलं आतल्या खोलीतून पुढचं वाक्य म्हणायची.

काका चपला करत त्या कुष्ठरोगातून उठलेल्या माणसांसाठी. रोग गोळ्यांनी जातो, पण पायाची गेलेली जाणीव काही परत येत नाही. खिळा घुसला तरी कळत नाही. माणूस आपला चालत राहतो आणि जखम आत आत जाते. म्हणून तळव्याखाली मऊ रबर हवं आणि जुनी जखम असेल तिथे रबराला नेमका खळगा हवा. एकाची चप्पल दुसऱ्याच्या कामाची नाही.

हे रबर परदेशातल्या मदतीतून येई. नर्सबाईंचा पगार आणि डॉक्टरांची गाडीही त्यातूनच चाले. एक दिवस संस्थेच्या ताई स्वतः मागच्या खोलीत आल्या, तेव्हाच काका समजले की काहीतरी बिनसलंय.

“काका, तिकडून मदत बंद झाली.”

“आपलं काही चुकलं का?”

“काहीच नाही. फोनवर कौतुकच केलं आपलं.”

“मग?”

“मग काय. आता पैसे स्वतःच्या घरातच ठेवणार म्हणाले.”

कौतुकाचं काय करायचं, ते दोघांनाही सुचेना. पुढे नर्सबाई गेल्या, त्यांच्या खोलीला कुलूप लागलं. डॉक्टर कधीमधी येत, तेही आपल्या खर्चाने. काकांनी बाजार पालथा घातला. स्वस्त रबर मिळालं ते दगडासारखं, आणि मऊ होतं ते संस्थेच्या आवाक्याबाहेर.

उरलेल्या रबरात काकांनी जमतील तितक्या जोड्या केल्या. सरळ स्वभावाचा माणूस, कोणाला अंधारात ठेवणं त्याच्या रक्तात नव्हतं. जो येईल त्याला ते सांगत, “या शेवटच्या हं. पुढचं काही सांगता येत नाही. जपून वापरा.”

सगळ्यात शेवटची जोडी गेली दारोदार झाडू विकणाऱ्या बाईला.

पावसाळा सरल्यावर ती आली. बगलेत कापडात गुंडाळलेलं काहीतरी. “दादा, डोळे मीट आधी.”

“अगं, वय काय आपलं?”

तिने कापड सोडलं. आत त्याच चपला. कडा कोऱ्या, पट्टे कोरे. “बघ. ओरखडा तरी दिसतो का?”

काकांना क्षणभर अभिमान वाटला, मग नेहमीच्या सवयीने नजर खाली गेली. तिच्या पायात प्लास्टिकच्या कडक सपाता होत्या, आणि दारापासून तिच्यापर्यंत फरशीवर ओले लालसर डाग उमटले होते. तिला त्याचा पत्ताही नव्हता.

त्यांनी तिला बसवून पाय वर घेतला. अंगठा जाईल एवढी जखम.

“या घातल्या का नाहीस?”

“तूच म्हणालास ना, जपून वापर. रोजच्या पायपिटीत झिजवायला मी काय वेडी आहे? पेटीत ठेवल्या होत्या.”

काकांनी पाय धुतला, पट्टी बांधली. “आजच मोठ्या दवाखान्यात जा.”

“गेल्या वेळी तिथे बोट काढलं माझं. आता पाय तरी ठेवतील ना?” तिने हसण्यावारी नेलं. “नाही ठेवला तर या कोणाला तरी दे. एकदम नव्या आहेत.”

“त्या दुसऱ्या कोणाला होत नाहीत, बाई.”

तेवढ्यात काकांकडूनच शेवटच्यांतली एक जोडी नेलेला एका गोदामाचा रखवालदार दारात उभा राहिला. त्याच्या पायात जुने, कडक बूट.

“तुझ्या चपला?” काकांनी विचारलं.

“घरी आहेत. माळ्यावर, अगदी जपून. काका, नव्या येणार आहेत का हो?”

उभ्या जन्मात नाटकासाठीही तोंडाला रंग न लावलेल्या त्या माणसाने ठणठणीत आवाजात सांगितलं, “येणार तर. माल निघालाय तिकडून. तू घरी जा, त्या खाली काढ आणि रोज घाल. झिजल्या तर झिजल्या.”

रखवालदार खुशीत गेला. त्या झिजतील तेव्हा त्याला काय सांगायचं, हे काकांना ठाऊक नव्हतं.

झाडूवाली मात्र उजळली. “मेल्या, मग मला नाही सांगितलंस ते? माझंही माप घेऊन ठेव की. परत हेलपाटा नको.”

काकांनी तिच्याकडे पाहिलं. मग कागद आणला, फरशी पुसून त्यावर पसरला. तिने पट्टी बांधलेला पाय अलगद ठेवला. पट्टीत पायाची कड सापडेना, तेव्हा काकांनी पेन्सिल पट्टीच्याच कडेने फिरवली.

“केवढं मोठं आलं रे,” ती वाकून बघत म्हणाली.

“पट्टी निघाली की कमी करू,” काका म्हणाले, आणि दुसऱ्या पायाखाली कागद सरकवला.